शेजाऱ्यासाठी लिहिलेले कलम

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम संसदेने २००५ मध्ये केला. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्यात ३७ कलमे आहेत. चर्चा होते ती बहुधा कलम १२ ची, म्हणजे दंडाधिकाऱ्याकडे करायच्या अर्जाची, नाहीतर कलम १७ आणि १९ ची, म्हणजे घरात राहण्याच्या हक्काची. वकिलाचे काम तिथून सुरू होते, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण जिचा अर्ज कधी होतच नाही, अशा बाईसाठी संसदेने दोन वाक्यांचे एक कलम आधीच लिहून ठेवले आहे. ते चौथे. त्यातले एकही वाक्य तिला, तिच्या नवऱ्याला किंवा पोलिसाला उद्देशून नाही. दोन्ही वाक्ये तिच्या शेजाऱ्याला उद्देशून आहेत.

सिंधुदुर्गात, त्यातही मालवण किनाऱ्यावरच्या वाड्यांत, या कलमाची कोणी आठवण काढत नाही. कोणाच्या घरात काय चालते हे वाडीला ठाऊक नसते असे मात्र नाही. म्हणून त्याचा शब्दन् शब्द इथे, याच भूमीवर लावून पाहायचा आहे. मजकूर असा (मराठी शब्दयोजना माझी):

(१) कोणत्याही व्यक्तीला, कौटुंबिक हिंसाचाराची कृती घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असे मानण्यास कारण असेल तर, ती व्यक्ती त्याबाबतची माहिती संबंधित संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकेल.

(२) पोटकलम (१) च्या प्रयोजनासाठी सद्भावनेने माहिती दिल्याबद्दल कोणत्याही व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येणार नाही.

‘कोणत्याही व्यक्तीला’

या दोन शब्दांचे वजन कळायला १९८३ मध्ये जावे लागते. त्या वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता गुन्हा ठरली. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. पण फौजदारी प्रक्रियेच्या अनुसूचीत या गुन्ह्यापुढे एक अट आहे, आणि ती नव्या संहितेतही कायम राहिली. पोलिसांनी दखल घ्यायची तर माहिती देणारी ती बाई स्वतः असली पाहिजे, किंवा तिच्याशी रक्ताने, विवाहाने वा दत्तकविधानाने नाते असलेली व्यक्ती. असा नातलगच नसेल तर सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेला लोकसेवक. शेजारी या यादीत कुठेच नाही.

ही अट लिहिणाऱ्याच्या मनात एक कुटुंब होते. जवळ माहेर, माहेरी खमका भाऊ, आणि लेकीच्या घरची खबर ठेवणारी आई. आमच्याकडे आचऱ्याची मुलगी वेंगुर्ल्याला दिलेली असते, भाऊ नालासोपाऱ्याला, आईबाप म्हातारे. तिने फोनवर सांगितले तरच रक्ताच्या नात्याला कळणार, आणि फोनवर ती ‘बरा असा’ एवढेच सांगणार. रात्रीचा आवाज ऐकू जातो तो गडग्यापलीकडच्या घराला.

२००५ च्या कायद्याने आपल्यापुरती ही नात्याची अट ठेवली नाही. आता मासे घेऊन दारात येणारी बाई, अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेतल्या बाई, रिक्षावाला, बचत गटाची सचिव, यांपैकी कोणीही माहिती देऊ शकते. सासू आणि नणंदही ‘व्यक्ती’च आहेत. मुलाच्या हातून सुनेला मार बसताना पाहणाऱ्या आणि त्याला अडवण्याची ताकद अंगात नसलेल्या सासवा मी कमी पाहिलेल्या नाहीत. त्यांच्यासाठीही हे दार उघडे आहे. तारकर्ली-देवबागला तर हल्ली प्रत्येक दुसऱ्या घरात पर्यटकांची खोली आहे. भिंतीपलीकडचे ऐकून सकाळी मुकाट्याने बिल भागवून जाणारा पाहुणाही या दोन शब्दांत बसतो.

शंका: असे असेल तर कोणीही उठून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसेल. समाधान: कलमाने घरात शिरण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. सांगण्याची मुभा दिली आहे, आणि कोणाला सांगायचे तेही ठरवून दिले आहे.

‘कौटुंबिक हिंसाचाराची कृती’

याची व्याख्या कलम ३ मध्ये आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे चार प्रकार. हुंड्यासाठीचा छळ आणि धमकीही त्यात येते. शारीरिक प्रकारावर फार बोलायला नको. तो ओळखता येतो, ओळखायचा की नाही हा प्रश्न वेगळा. शाब्दिक छळात कायद्याने मूल नसण्यावरून आणि मुलगा नसण्यावरून होणाऱ्या हिणवणुकीचा वेगळा उल्लेख केला आहे. हा टोमणा हळदीकुंकवाच्या गर्दीतही बिनदिक्कत मारला जातो. बरोबरच्या बाया हसतात, आणि आपण हिंसाचाराला साक्षी आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आर्थिक छळापाशी मात्र थांबायला हवे, कारण इथल्या घरांची रचनाच त्याला सोयीची आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बाया होत्या. हा आकडा काही लोक मुलींच्या सन्मानाचा पुरावा म्हणून मिरवतात. खरे कारण बरेचसे एवढेच की पुरुष मुंबईला आहेत. ज्या घरी चाकरमान्याच्या पैशावर चूल पेटते, तिथे मारायला माणूस घरात असण्याची गरज नसते. पैसे पाठवायचे बंद केले की झाले. किंवा पैसे येतात, पण ते थोरल्या दिराच्या खात्यावर, आणि हिने मीठमिरचीसाठी जावेपुढे हात पसरायचा. हक्काचे पैसे न देणे, स्त्रीधन विकणे, ज्या वस्तूंचा किंवा घराचा वापर करण्याचा तिला अधिकार आहे त्यापासून तिला अडवणे, हे सगळे कलम ३ मध्ये हिंसाचार म्हणून नोंदलेले आहे. गावाच्या लेखी तो ‘घरचा व्यवहार’. उलट बाजूही आहे. मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात मासे घेऊन ते बाजारात विकणारी बाई घरातली कमावती असते, आणि संध्याकाळी तिच्या पदराची गाठ दुसराच कोणी सोडतो. कमाई हातात असली की बाई सुरक्षित असते, हा शहरी समज इथे टिकत नाही.

आणि घर? कोकणातल्या सामाईक सातबाऱ्याची कीर्ती सर्वदूर आहे. आजोबांच्या नावावर घर, बावीस वारसदार, त्यांतले अर्धे हयात नाहीत. विधवेला बाहेर काढताना विचारले जाते, ‘सातबाऱ्यार तुजा नाव खंय असा?’ कलम १७ चे उत्तर सरळ आहे: नाव असण्याची गरज नाही. कौटुंबिक नात्याने ज्या घरात ती राहते किंवा राहिली आहे, तिथे मालकी नसली तरी राहण्याचा हक्क तिला आहे. विधवा, बहीण, आई यांनाही तो आहे, कारण कायद्याने ‘कौटुंबिक नाते’ फक्त नवराबायकोपुरते ठेवलेले नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा प्रकरणात प्रतिवादीच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. त्यानंतर छळ करणारी नणंद वा जाऊही कायद्याच्या कक्षेत येते, यात शंका उरली नाही. नवरा मुंबईला आणि छळ गावात, अशा घरांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

कलम ३ च्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे: हिंसाचार झाला की नाही हे ठरवताना सगळी परिस्थिती एकत्र पाहायची. एकेक गोष्ट सुटी घेतली तर ‘एवढा काय झाला?’ म्हणता येते. दहा वर्षांतल्या तशा गोष्टी एका ओळीत मांडल्यावर ते म्हणता येत नाही.

‘घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे’

तिन्ही काळ आहेत. घडून गेलेल्याबद्दल लोक म्हणतात, आता जुने कशाला उकरायचे? न्यायालयांनी मात्र मागचे पुसून टाकलेले नाही. कायदा अमलात येण्याआधीचे वर्तनही विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्ही. डी. भनोत प्रकरणात म्हटले.

‘घडत आहे’ हा भाग रात्रीचा असतो. २००८ साली ‘बेल बजाओ’ नावाची एक मोहीम निघाली होती. शेजारी मारहाण ऐकू आली तर दाराची घंटा वाजवा, काहीतरी किरकोळ मागा, तेवढ्याने हात थांबतो, असे ती सांगत असे. कल्पना चांगली होती आणि ती शहरी जिन्यावर चालते. आमच्याकडे घंटा नसते, खळे असते. त्यात उभे राहून ‘असास काय गो घरात?’ अशी हाळी दिली तरी तेच काम होते. पूर्वीच्या म्हाताऱ्या बाया हे करीत. विस्तव मागायला, ताक मागायला म्हणून नेमक्या वेळी जात. मात्र आत हत्यार असेल, माणूस अंगावर येणारा असेल, तर एकट्याने पुढे होऊ नये. ११२ ला फोन करावा. या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांतला नववा नियम याच प्रसंगासाठी आहे. दूरध्वनीवरूनही विश्वसनीय माहिती मिळाली आणि प्रसंग तातडीचा असेल, तर संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन त्यांच्यासह घटनास्थळी पोचायचे आहे.

‘घडण्याचा संभव आहे’ हे शब्द मला या कलमातले सर्वांत धाडसी वाटतात. घडण्याआधी सांगता येते. शेजाऱ्याइतका संभवाचा जाणकार दुसरा कोण असणार? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, हाताला काम नाही, उधारी चढलेली. गणपतीला मुंबईहून येणारा नवरा, आणि तो यायच्या आठवड्यात अन्न न जाणारी बायको. हे पंचांगासारखे ठराविक आहे. दारूचे नाव इथे हमखास घेतले जाते. गोव्याची हद्द लागून असल्याने स्वस्त दारू जिल्ह्यात येत राहते आणि इन्सुलीच्या नाक्यावर ती पकडली गेल्याच्या बातम्याही येत राहतात. पण दारूला कारण मानायला मी तयार नाही. पिऊन आलेला खलाशी तांडेलावर हात उगारत नाही, घरी येऊन बायकोवर उगारतो. कोणावर उगारला तर चालते, एवढी शुद्ध त्याला असते.

‘असे मानण्यास कारण असेल तर’

कलमाचा गाभा इथे आहे, आणि गावाची सगळी पळवाटही इथेच आहे. ‘माका काय म्हायत नाय. बघल्याशिवाय कसा सांगू?’ पण कायद्याने पाहण्याची अट घातलेलीच नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम २६ मध्ये ‘मानण्यास कारण’ याची व्याख्या होती, ती आता न्याय संहितेच्या कलम २ मध्ये आहे. विश्वास ठेवण्यास पुरेसे कारण असणे, एवढाच तिचा अर्थ. पुरावा गोळा करणे हे शेजाऱ्याचे काम नाही. तो शोधायला अधिकारी आहे, तोलायला दंडाधिकारी आहे.

मग पुरेसे कारण कशाला म्हणायचे? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ हा विभाग उभा केला. त्याचे सूत्र हेच होते की बाई सांगणार नाही, तेव्हा दवाखान्याने ओळखायला शिकले पाहिजे. जखम आणि तिचे सांगितलेले कारण जुळते का? तशाच जखमा पुन्हा पुन्हा होतात का? उत्तर तिच्याऐवजी बरोबर आलेला माणूसच देतो का? याच खुणा वाडीतही दिसतात. ‘बावीर घसरान पडलंय’ असे ती सांगते, आणि बावीवर घसरून पडलेल्या बाईचे कोपर-गुडघा फुटते, कानाखाली वळ उठत नाहीत. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे पोलके. बचत गटाच्या बैठकीला अचानक यायची बंद झालेली बाई. फोन काढून घेतलेला. शाळेत पोर पेंगत बसलेले. एकेक खूण फसवी असू शकते, हे कबूल. दोन-तीन जुळल्या की पुरेसे कारण झाले.

ती स्वतः सांगेल म्हणून थांबायचे ठरवले तर किती थांबावे लागेल, याचा आकडा उपलब्ध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी ७७ टक्क्यांनी कोणाची मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या होत्या फक्त १४ टक्के. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून आपल्या वाडीतली घरे मोजावीत. आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. देशभरात विशिष्ट कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या बाया ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. ज्याला मार योग्य वाटतो, त्याला तो दिसूनही ‘हिंसाचार घडतो आहे असे मानण्यास कारण’ सापडणार नाही. म्हणजे हे शब्द लागू व्हायला आधी पाहणाऱ्याचे डोळे बदलावे लागतात. ते काम कोणत्याही कलमाने होत नाही.

‘माहिती देऊ शकेल’

‘दिलीच पाहिजे’ असे म्हटलेले नाही. मीमांसेच्या भाषेत हा विधी नव्हे, अनुज्ञा आहे. बालकांच्या लैंगिक छळासाठी २०१२ मध्ये केलेल्या पोक्सो कायद्यात नेमके उलटे आहे. तिथे कलम १९ ने माहिती देणे बंधनकारक केले आणि कलम २१ ने न देणाऱ्याला शिक्षा ठेवली. इथे मुका राहणाऱ्या शेजाऱ्याला काहीच होत नाही. हा भेद चुकून राहिलेला नसावा. मूल स्वतःसाठी ठरवू शकत नाही, प्रौढ बाई ठरवू शकते. कधी बाहेर पडायचे, कधी थांबायचे, कोणत्या दिवशी सांगितले तर मार वाढेल, याचा हिशेब तिच्याकडे असतो. सक्ती केली असती तर तिच्या डोक्यावरून गावाने कारवाई सुरू केली असती, आणि तिने शेजारणीपाशीही तोंड उघडायचे बंद केले असते.

म्हणून जीव धोक्यात नसेल तर पहिले बोलणे तिच्याशीच करायचे. तेही एकटी असताना: पाणंदीत, बाजाराच्या वाटेवर, शेतात. तिच्या घरात नव्हे, आणि तिच्या फोनवर संदेश पाठवून तर मुळीच नव्हे, कारण फोन कोण पाहते हे आपल्याला ठाऊक नसते. ‘तू त्याला सोड’ हा उपदेश करायचा नाही. कायदा काय देतो, कोणाला भेटता येते, कोण बरोबर येईल, एवढे सांगायचे.

पण ‘शकेल’ या शब्दाचा दुसराही उपयोग गाव करते. सांगण्याऐवजी मिटवते. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे वाद गावातच मिटावेत हा तिचा हेतू चांगलाच होता आणि पुष्कळ ठिकाणी ते मिटलेही. मात्र तंटे मिटलेल्या गावाला बक्षीस ठेवले, की जो तंटा उंबरठ्याआड आहे तो तिथेच ठेवण्यात सगळ्यांचा फायदा होतो. घरातला मार हा तंटा नव्हेच. तंट्याला दोन बाजू लागतात. गावच्या बैठकीत बाईला पहिला प्रश्न येतो, ‘तू काय बोललंस तेका?’ २००६ च्या नियमांतील चौदावा नियम दंडाधिकाऱ्याने नेमलेल्या समुपदेशकासाठी आहे. त्यात म्हटले आहे की केलेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनात मांडू द्यायचे नाही, आणि हे प्रतिवादीला सुरुवातीलाच सांगायचे. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथे चालत नाही. चावडीवर बैठकीची सुरुवातच त्याने होते.

‘संबंधित संरक्षण अधिकाऱ्याला’

हे पद कायद्याच्या कलम ८ ने निर्माण केले. नेमणूक राज्य सरकारने करायची, शक्यतो बाईची. हा अधिकारी पोलिस नाही. घटना अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे, बाईला विधी सेवा मिळवून देणे, गरज असेल तर निवारागृहात किंवा दवाखान्यात नेणे ही त्याची कर्तव्ये कलम ९ मध्ये दिली आहेत. पोलिस ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या गावासाठी ही सोय आहे. अडचण अशी की गावाला सरपंच, तलाठी, पोलिस पाटील, वायरमन सगळे नावानिशी माहीत असतात आणि संरक्षण अधिकारी हे पद ऐकूनही माहीत नसते. मालवणपासून जिल्ह्याचे ठिकाण, सिंधुदुर्गनगरी, तीस-पस्तीस किलोमीटर. देवबागच्या टोकावरच्या बाईला एसटीने जाऊन यायला दिवस मोडतो, आणि ‘खंय गेल्लंस?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावे लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जिथे नेमणुका झालेल्या नाहीत तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले. कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर न्यायालयाला हे सांगावे लागते, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

चौथ्या नियमाप्रमाणे माहिती तोंडी दिली तरी चालते. ती लिहून घेणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. देणाऱ्याने सही करायची. लेखी देणे शक्य नसेल तर अधिकाऱ्याने त्याच्या ओळखीची खात्री करून नोंद ठेवायची. निनावी चिठ्ठी टाकून मोकळे होण्याची सोय या नियमात नाही.

‘सद्भावनेने’

भीती अशी असते: आपला समज चुकीचा निघाला तर? इथे एक बारीक भेद आहे. दंड संहितेत सद्भावनेसाठी योग्य काळजी आणि लक्ष लागत असे, आता न्याय संहितेतही लागते. केंद्रीय कायद्यांना सर्वसाधारणपणे लागू असलेल्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात मात्र एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावनेने केली असे मानतात, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. २००५ च्या कायद्याने सद्भावनेची स्वतःची वेगळी व्याख्या केलेली नाही. म्हणून माझ्या वाचनात इथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. प्रामाणिक चूक चालते. बांधाच्या भांडणाचा सूड म्हणून केलेली खोटी तक्रार चालत नाही.

‘दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येणार नाही’

अब्रुनुकसानीचा दावा, खोट्या माहितीचा खटला, दोन्हींपासून अभय. मात्र हे अभय कशाला आहे ते नीट वाचावे. पोटकलम (१) च्या प्रयोजनासाठी दिलेल्या माहितीला, म्हणजे संरक्षण अधिकाऱ्याला सांगितलेल्या गोष्टीला. बाजारात माशांच्या टोपलीपाशी केलेल्या कुजबुजीला ते नाही, वाडीच्या व्हॉट्सअॅप गटातल्या संदेशाला नाही, मुंबईच्या मंडळाच्या बैठकीतल्या गप्पांनाही नाही. आपण सगळ्या गावाला सांगतो, जिथे कायदा आपल्या पाठीशी नाही. ज्या एका माणसाला सांगितले तर कायदा पाठीशी उभा आहे, त्याला तेवढे सांगत नाही.

कलमात एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याबद्दल त्यात एक शब्दही नाही. गावात नाव फुटते. मग पालखीचा मान जातो, लग्नाचे आमंत्रण येत नाही, बावीवर कोणी बोलत नाही. दिवाणी आणि फौजदारी दायित्वापासून वाचवणारे कलम वाळीत टाकण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा केला. सामाजिक बहिष्काराला बंदी करणारा २०१६ चा हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्याची गरज पटवून देण्यात कोकणातल्या वाळीत प्रकरणांचा वाटा मोठा होता. जातसमूहातल्या कोणी बहिष्कार टाकला किंवा टाकायला लावला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ४ आणि हा कायदा एकत्र वाचले, तरच कोकणातल्या शेजाऱ्याला पुरेसे संरक्षण मिळते.

महिलांसाठी हेल्पलाइन १८१ आहे, तातडीच्या प्रसंगी ११२. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे अंगणवाडी सेविकेला किंवा पंचायत समितीत विचारा, आणि ते नाव व क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला ग्रामसभेत सांगा. माहिती देऊन झाल्यावर नोंदवलेल्या मजकुराची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य देणे नियमाने अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.